अन्यभाषेचा वाद: कमिटीने काय तपासायचं आणि कुठे थांबवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशनच्या काळापासूनची जुनी मंडळी, म्हणजे चर्च. शुक्रवारी संध्याकाळी उपास-प्रार्थना होते. वर्षभरापासून तरुण संघातले काही जण तिथे अन्यभाषेत प्रार्थना करू लागले आहेत. वडीलधारे म्हणतात, हे अंगात येण्यासारखंच आहे, बंद करा. तरुण म्हणतात, ज्याला अन्यभाषा आली नाही त्याला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्माच झालेला नाही. पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, काय करावं?

कमिटीने पहिल्या बैठकीत बायबल उघडण्याआधी फळ्यावर चार ओळी लिहाव्यात. कारण या भांडणात 'अन्यभाषा' हा एकच शब्द चार निराळ्या गोष्टींसाठी फिरत असतो. एक, न शिकलेली पण जगात कुठेतरी खरोखर बोलली जाणारी भाषा बोलणं. दोन, एकांतात देवाशी बोलताना ओठांवर येणारे, स्वतःलाही न कळणारे शब्द. तीन, सभेत सगळ्यांसमोर मोठ्याने बोललेली अन्यभाषा आणि तिचा अर्थ. चार, आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची खूण म्हणून अन्यभाषा. बहुतेक वेळा तरुण चौथ्याबद्दल बोलत असतात, वडीलधारे तिसऱ्याबद्दल, आणि दोघेही दाखला पहिल्याचा, म्हणजे प्रेषितांची कृत्ये २ चा देतात. मग रात्री अकरापर्यंत बैठक चालली तरी निष्कर्ष निघत नाही. चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. एखादा माणूस दुसरी गोष्ट मान्य करून चौथी नाकारू शकतो, आणि जगभरातले कितीतरी ख्रिस्ती नेमकं तेच करतात.

'अन्यभाषा' या शब्दाबद्दलही थोडं. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४) मूळ ग्रीकमध्ये फक्त 'ग्लोस्सा' आहे, म्हणजे जीभ किंवा भाषा. 'अन्य' हे भाषांतरकारांनी अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातलेलं विशेषण आहे. अपवाद २१ व्या वचनाचा: तिथे यशया २८:११ चा हवाला देताना पौल खरोखरच परक्या भाषेचा शब्द वापरतो. कृत्ये २ मध्ये 'ग्लोस्सा'बरोबर 'दिआलेक्तोस' हाही शब्द येतो, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या गावाकडची बोली. करिंथच्या पत्रात हा दुसरा शब्द नाही, आणि तिथे बोललेलं कोणालाच कळत नाही म्हणून अर्थ सांगणारा लागतो. कृत्ये २ मध्ये यरुशलेमेत तो लागला नव्हता. दोन्ही ठिकाणची घटना एकच आहे का, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. कमिटीने ते सोडवण्याचा हट्ट धरू नये.

आता कोण काय म्हणतं ते पाहू, कारण मराठी मंडळ्यांत सगळ्या पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर आणि अशा दानांवर भर देणाऱ्या, लोकांना एकाच पिशवीत टाकायची सवय आहे.

चौथ्या ओळीचा उगम अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल शाळेत १ जानेवारी १९०१ रोजी अ‍ॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्यभाषेत बोलली. 'आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा म्हणजे अन्यभाषा' हे सूत्र पारहॅम यांनी तिथून पुढे नेलं. १९०६ च्या एप्रिलपासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय पाळकाच्या सभांतून ते जगभर पसरलं. असेम्ब्लीज ऑफ गॉड ही संस्था १९१४ मध्ये स्थापन झाली आणि १९१६ मध्ये तिने हे आपल्या विश्वासाच्या निवेदनात घातलं. पण दोनच वर्षांत, १९१८ मध्ये, एफ. एफ. बॉसवर्थ यांच्यासारखा नावाजलेला प्रचारक याच मुद्द्यावर संस्था सोडून गेला. त्याचं म्हणणं होतं, अन्यभाषा खरी आहे पण ती एकमेव खूण नाही. ब्रिटनच्या एलिम मंडळ्याही पेंटेकॉस्टल, पण तेवढा आग्रह धरत नाहीत. याउलट 'फक्त येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणारे, त्रैक्य न मानणारे वननेस गट अन्यभाषेला तारणाशीच जोडतात. म्हणजे 'अन्यभाषा नाही तर तारण नाही' आणि 'अन्यभाषा नाही तर सेवेसाठीचं सामर्थ्य नाही' या दोन वेगळ्या शिकवणी आहेत. तुमचे तरुण नक्की कोणती बोलताहेत ते विचारा. यूट्यूबवरच्या प्रवचनांतून दोन्हींची खिचडी झालेली असते आणि बोलणाऱ्यालाही ती कळलेली नसते.

कॅथलिकांत हीच लाट १९६७ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. तिथे मांडणी निराळी आहे: आत्मा बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांत मिळालेलाच आहे, अन्यभाषा हे त्यानंतर अनुभवाला येऊ शकणाऱ्या अनेक कृपादानांपैकी एक. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही परिच्छेद २००३ मध्ये तिचा उल्लेख आहे, पण मंडळीच्या सर्वसाधारण हितासाठी, या चौकटीत. त्यामुळे वसईच्या धर्मग्रामांत किंवा गोव्यात कॅरिस्मॅटिक प्रार्थनासभा असूनही 'तुम्हाला आत्मा मिळाला का' हा प्रश्न तितका टोकाला जात नाही.

विरोधाचीही एकच जात नाही. जर्मनीतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी १९०९ च्या बर्लिन जाहीरनाम्यात ही चळवळ 'वरून नव्हे, खालून' आलेली आहे असं सरळ लिहिलं. ते शब्द इतके खोल गेले की १९९६ मध्ये कासेलला दोन्ही बाजूंनी एकत्र निवेदन काढेपर्यंत दुरावा टिकला. प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफील्ड यांचा १९१८ चा युक्तिवाद वेगळा होता: चमत्काराची दानं प्रेषितांची ओळख पटवण्यासाठी होती, प्रेषित गेले, दानं थांबली. त्यात सैतानाचा संबंध नाही. अमेरिकेच्या सदर्न बॅप्टिस्टांच्या परदेशी मिशन बोर्डाने तर २००५ मध्ये एकांतात अन्यभाषेत प्रार्थना करणाऱ्या उमेदवारांना मिशनरी म्हणून घ्यायचं नाही असा नियम केला, आणि २०१५ मध्ये तो मागे घेतला. खोलीच्या दाराआड कोण कसं प्रार्थना करतो यावर नियम करण्याची ही गत होते. मला वाटतं, कमिटीने हा धडा फुकटात घ्यावा.

आपल्याकडे तर या प्रश्नाचा इतिहास अझुसा स्ट्रीटच्याही आधी सुरू होतो, आणि दोन्ही पक्षांना तो क्वचितच माहीत असतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत रोजच्या प्रार्थनेसाठी गट सुरू केला. सुरुवातीला सुमारे ७० जणी होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या. वेल्सच्या १९०४ च्या धार्मिक जागृतीची आणि मग खासी टेकड्यांतल्या जागृतीची बातमी पोचलेली होती. २९ जून १९०५ च्या पहाटे मुलींच्या वसतिगृहात एका मुलीवर आत्म्याचा अग्नी उतरला आणि ती पेटली आहे असं वाटून शेजारी झोपलेली तरुणी पाण्याची बादली घेऊन धावली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे रडणं, पापकबुली, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणं हे महिनोन्‌महिने चाललं. अन्यभाषेच्या बातम्या १९०६-०७ मधल्या आहेत. दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवलं आहे की इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकली. इथे सावध वाचावं. ज्या आवारात मिशनरी बायका रोज इंग्रजीत गाणी म्हणत आणि प्रार्थना करत, तिथल्या मुलीच्या तोंडी तसे शब्द येणं आणि तिला भाषा येणं यात फरक आहे. नॉर्टन खोटं बोलले असं नव्हे, पण त्यावरून पहिली ओळ सिद्ध होत नाही.

केडगावची खरी शिकवण दुसरीच आहे. रमाबाईंनी अन्यभाषा थांबवली नाही आणि तिला सगळ्यांसाठी अटही केली नाही. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी तर ही खूण सर्वांनी मागावी असं म्हटलं, तरी ती न मिळालेल्याला आत्म्याचा बाप्तिस्मा झालाच नाही असं म्हणण्याचं धाडस आपण करू नये, असंही बजावलं. त्यांचीच पुस्तिका चिलीतल्या वालपाराइसोला हूवर या मेथडिस्ट दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तिथल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या. चिलीच्या चळवळीतही अन्यभाषेचा हट्ट त्या मानाने सौम्य राहिला. तेव्हा 'हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे' हे वडीलधाऱ्यांचं वाक्य आणि 'अन्यभाषेशिवाय जागृती झालीच नाही' हे तरुणांचं वाक्य, दोन्ही केडगावात अडकतात.

अकोला, खामगाव या पट्ट्यातल्या अलायन्स मंडळ्यांची मूळ संस्था, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, याच गोंधळातून गेली. तिचे कितीतरी लोक १९०७ नंतर पेंटेकॉस्टल गटांत गेले. १९६३ मध्ये तिने जे धोरण ठरवलं त्याचं सूत्र मोजक्या शब्दांत मावतं: मागू नका, मनाई करू नका. मला यातला पहिला अर्धा भाग थोडा कमी वाटतो, कारण पौल १ करिंथ १४:१ मध्ये कृपादानांची उत्कंठा बाळगा म्हणतो. पण कमिटीच्या ठरावासाठी याहून चांगला मसुदा शोधायला वेळ लागेल.

आता वचनं. सगळी घ्यायची गरज नाही. भांडणात नेहमी येणारी आणि नेहमी चुकीची वापरली जाणारी तेवढी पाहू.

तरुणांचा मुख्य आधार म्हणजे कृत्यांची २, १० आणि १९ ही प्रकरणं. तिन्ही ठिकाणी आत्मा आला आणि लोक भाषा बोलले, हे खरं आहे. शोमरोनात (८:१८) अन्यभाषेचा उल्लेख नसला तरी शिमोनाला काहीतरी डोळ्यांना दिसलं होतं. पण त्याच पुस्तकात २:४१ चे तीन हजार, कुशी षंढ, लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक यांच्याबद्दल अन्यभाषेचा शब्दही नाही. तीन प्रसंगांवरून 'नेहमी असंच' हा नियम काढायचा, तर १ करिंथ १२:३० आडवं येतं: 'सगळेच अन्यभाषा बोलतात काय?' ग्रीकमध्ये हा प्रश्न 'मे' या अव्ययाने सुरू होतो, म्हणजे 'नाही' हे उत्तर त्यात धरलेलंच आहे. यावर पेंटेकॉस्टल उत्तर असं, की तिथे सभेतल्या दानाबद्दल चाललं आहे, पहिल्या खुणेबद्दल नाही. उत्तर हुशार आहे. पण हा भेद पौलाच्या पत्रात कुठेच केलेला नाही, तो बाहेरून आणावा लागतो. म्हणून माझं मत, चौथी ओळ मंडळीचा अधिकृत विश्वास म्हणून उभी राहत नाही.

वडीलधाऱ्यांचा आवडता आधार १ करिंथ १३:८: भाषा 'बंद होतील'. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की इथलं ग्रीक क्रियापद 'आपोआप बंद पडतील' असं सुचवतं, आणि १३:१० मध्ये जे 'पूर्ण' येणार म्हटलं आहे ते म्हणजे पूर्ण झालेलं बायबल. दोन्ही लंगडं आहे. हेच क्रियापद त्याच प्रयोगात लूक ८:२४ मध्ये वारा आणि लाटांसाठी आलं आहे, आणि त्या काही आपोआप थांबल्या नव्हत्या, येशूने धमकावल्यावर थांबल्या. आणि १३:१२ मध्ये पौल 'तेव्हा समोरासमोर पाहू' म्हणतो. बायबल छापून झाल्यावर कोणी समोरासमोर पाहिलं? विरोधच करायचा तर इफिस २:२० (प्रेषित आणि संदेष्टे हा पाया) आणि इब्री २:३-४ यांवर करावा. तो युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण त्यात दम आहे आणि समोरच्याला विचार करावा लागतो. इतिहासाचा दाखला द्यायचा तर चौथ्या शतकातले ख्रिसोस्तोम आहेत. करिंथच्या पत्रावर बोलताना ते म्हणतात की हा भाग फार अस्पष्ट आहे, कारण या गोष्टी आता घडत नाहीत. ऑगस्टीनही अन्यभाषा त्या काळापुरती होती म्हणतात. मात्र त्याच ऑगस्टीननी आयुष्याच्या शेवटी आपल्या हिप्पो शहरातल्या सत्तरच्या आसपास चमत्कारांची नोंद झाल्याचं सांगितलं आहे. तेव्हा त्यांना 'चमत्कार थांबले' या बाजूने पूर्ण ओढता येत नाही.

'अंगात येणं' या आरोपाकडे मात्र गंभीरपणे पाहायला हवं. तो नुसता टोमणा नाही. ज्यांनी जत्रेत घुमणारी माणसं पाहिली आहेत त्यांना केस सुटणं, थरथर, वेगळा आवाज, पडणं हे ओळखीचं वाटतं. करिंथच्या लोकांचीही पार्श्वभूमी तीच होती, १२:२ मध्ये पौल त्याची आठवण देतो. दोन्हींतला फरक त्याने १४:३२ मध्ये ठेवला आहे: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. घुमणाऱ्याला थांबता येत नाही, निदान तसं मानलं जातं. पौलाच्या मते आत्म्याने बोलणाऱ्याला थांबता आलंच पाहिजे, नाहीतर 'पाळीपाळीने बोला' या आज्ञेला अर्थच उरत नाही. म्हणून 'माझ्या हातात नव्हतं, आत्म्याने करवलं' हे कारण कमिटीने कधीच मान्य करू नये. हीच सर्वांत सोपी कसोटी आहे: पाळकांनी शांतपणे खांद्यावर हात ठेवून 'थांबा' म्हटलं आणि बोलणारा थांबला, तर पुढची चर्चा होऊ शकते. थांबला नाही, तर तो विषय उपासनेचा राहत नाही. त्या माणसाला बाजूच्या खोलीत बसवा, पाणी द्या, घरच्यांना बोलवा, आणि झोप, उपवासाचे दिवस, चालू औषधं यांची विचारपूस करा. सलग तीन दिवसांच्या उपवासानंतर चक्कर येऊन पडणं याला अध्यात्म लागत नाही.

१४:२७-२८ हा सभेचा नियम. एका सभेत अन्यभाषेत बोलणारे दोघे, फार तर तिघे. एकामागून एक. आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावं आणि स्वतःशी व देवाशी बोलावं. इथे व्यवहारात नेहमी चुकतं ते असं: सगळे एकदम सुरू होतात आणि त्याला 'आत्म्यातली उपासना' म्हणतात. एकदम मोठ्याने मराठीत प्रार्थना करणं केडगावातही होतं, त्याला वचनाची मनाई नाही. पण माइकवर सगळ्यांनी एकदम अन्यभाषेत हे २७ व्या वचनाच्या सरळ विरुद्ध आहे, आणि २३ व्या वचनात पौल सांगतो की बाहेरचा माणूस आत आला तर तुम्हाला वेड लागलं आहे म्हणेल. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वचनात तो अन्यभाषा ही विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी खूण आहे असं म्हणतो. हा विरोधाभास यशया २८ वाचल्यावर सुटतो. तिथे परकी भाषा ही अश्शूरी सैन्याची, म्हणजे न ऐकणाऱ्या लोकांवर आलेल्या न्यायाची खूण आहे. न समजणारं बोलणं बाहेरच्या माणसाला जवळ आणत नाही, दूर लोटतं. तेव्हा 'अविश्वासणाऱ्यांना खूण म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो' असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडून २१ वं वचन वाचून घ्या.

अर्थ सांगण्यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली लांबीची. दहा-पंधरा सेकंदांच्या बोलण्याचा पाच मिनिटांचा अर्थ. अर्थ म्हणजे शब्दशः भाषांतर नव्हे, हे मान्य. तरी इतका फरक रोजच पडत असेल तर अर्थ सांगणारा त्याच्या मनातलं प्रवचन देतो आहे. दुसरी बाब मजकुराची. १४:२ प्रमाणे अन्यभाषा बोलणारा माणसांशी नव्हे, देवाशी बोलतो. मग तिचा अर्थ स्तुती किंवा विनंतीच्या रूपात यायला हवा. आपल्याकडे तो जवळजवळ नेहमी 'माझ्या लेकरांनो, मी तुम्हाला सांगतो' अशा चालीवर येतो. तो संदेश देण्याचा प्रकार झाला आणि संदेशाला निराळा नियम आहे: २९ व्या वचनाप्रमाणे बाकीच्यांनी त्याची पारख करायची. या मुद्द्यावर पेंटेकॉस्टल अभ्यासकांतही दोन मतं आहेत, कारण १४:५ मध्ये अर्थासह अन्यभाषा संदेशाच्या बरोबरीची धरली आहे. कमिटीने एवढंच ठरवावं की संदेशासारखा जो अर्थ येईल त्याला संदेशाचीच पारख लावायची.

पारख कशी? १ थेस्सलनी ५:२१ सांगतं, सगळं पारखा. व्यवहारात चार विषय असे ठेवा की त्यांवर आलेला कोणताही 'संदेश' सभेत बोलायचा नाही, आधी पाळकांकडे लिहून द्यायचा: कोणी कोणाशी लग्न करावं, कोणी किती पैसे द्यावेत, कोणी औषध बंद करावं, आणि कोणाच्या घरी कोणाच्या पापामुळे संकट आलं. मंडळ्या फुटतात त्या अन्यभाषेने नव्हे, या चारांनी. इन्सुलिन किंवा फिट्सची गोळी बंद करायला सांगणारा संदेश पारखण्यात वेळही घालवू नका, तो फेटाळाच. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आणि सर्प किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं त्याच्या अनुसूचीत येतं, आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. 'कॅन्सर बरा होईल' असं पोस्टर लावण्याआधी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही कोणीतरी वाचावा.

सर्वांत जास्त नुकसान शिकवून आणलेल्या अन्यभाषेने होतं. पद्धत ठरलेली असते. तरुणाला पुढे बोलवायचं, डोक्यावर हात, भोवती पाच-सहा जण मोठ्याने प्रार्थना करतात, कोणीतरी कानाशी म्हणतं 'हालेलूया, हालेलूया, लवकर लवकर म्हण', मग 'आता मराठी सोड, जीभ सैल सोड', मग 'माझ्यामागून म्हण'. अर्ध्या तासाने थकून तोंडातून काही अक्षरं निघाली की टाळ्या. कृत्यांत कुठेही असा सराव नाही. याचा परिणाम दोन महिन्यांनी दिसतो: त्या मुलाला मनातून ठाऊक असतं की आपण नक्कल केली. एक तर तो ते लपवत राहतो, नाहीतर विश्वासच सोडतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२ च्या आपल्या अभ्यासात दाखवलं की अशा बोलण्यातले ध्वनी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या ओळखीच्या भाषांतूनच येतात आणि त्याला भाषेसारखी वाक्यरचना नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००६ मध्ये पाच स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅन करून पाहिलं, तेव्हा अन्यभाषेच्या वेळी पुढच्या भागातला रक्तप्रवाह कमी झालेला दिसला, म्हणजे बोलण्यावरचा जाणीवपूर्वक ताबा कमी असल्याच्या त्यांच्या सांगण्याशी ते जुळतं. पाच हा आकडा लहान आहे, यावरून आत्मा आहे किंवा नाही हे ठरत नाही. पण यांतला कोणताही अभ्यास त्या स्त्रिया ढोंग करत होत्या असं म्हणत नाही, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि सॅमरिन यांचा निष्कर्ष तरुणांनी लक्षात घ्यावा: सभेत कोणी 'ही अरबी आहे' किंवा 'ही हिब्रू आहे' म्हणालं, तर ती भाषा येणारा माणूस ऐकेपर्यंत तसं जाहीर करायचं नाही. अझुसा स्ट्रीटवरून ए. जी. गार आपल्याला बंगाली मिळाली आहे या खात्रीने पत्नीसह १९०६-०७ च्या हिवाळ्यात कलकत्त्याला आले. ती कोणालाच कळली नाही. पुढे हाँगकाँगला गेल्यावर त्यांनी सरळ दुभाष्या घेऊन काम केलं. अन्यभाषेवरचा विश्वास त्यांनी सोडला नाही, फक्त पहिल्या ओळीचा दावा सोडला. पारहॅम मात्र जुन्याच मताला धरून राहिले.

एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. मराठी मंडळ्यांत अन्यभाषेमागून बहुधा दुसरा प्रश्न येतो: लहानपणी झालेला बाप्तिस्मा चालत नाही, पाण्यात बुडवून पुन्हा घ्या. जुन्या मंडळीत हा खरा तुटण्याचा बिंदू असतो, कारण त्यात सभासदत्व, दृढीकरण, प्रभुभोजन, कधी दफनभूमीचा हक्कही गुंतलेला असतो. अन्यभाषेवरचं मत वेगळं असूनही माणूस मंडळीत राहू शकतो. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला की बहुतेक जुन्या मंडळ्यांच्या नियमांनुसार तो शिस्तीचा विषय होतो. म्हणून तरुणांशी बोलताना हे दोन प्रश्न एका बैठकीत घेऊ नका.

ठरावाचा मसुदा मी असा करेन. एकांतातल्या प्रार्थनेवर मंडळीचं काहीही बंधन नाही. रविवारच्या उपासनेत अन्यभाषा नाही, कारण तिथे अर्थ सांगणाऱ्याची आधी खात्री करता येत नाही आणि नवखे लोक असतात. शुक्रवारी १४:२७-२८ जसंच्या तसं, माइक पाळकांच्या हाती, दोघे किंवा तिघे, पाळीने, आणि अर्थ सांगणारा आधी उभा राहून 'मी आहे' म्हणेल तरच. अन्यभाषा न येणाऱ्याला पुढे बोलवून हात ठेवणं बंद. तरुण संघाचा, महिला मंडळाचा किंवा रविवारच्या शाळेचा शिक्षक निवडताना अन्यभाषा येते का हा प्रश्न विचारायचा नाही, आणि येते म्हणून त्याला वगळायचंही नाही. १४:३९ मधलं 'मनाई करू नका' वडीलधाऱ्यांना लागू, ४० ची शिस्त तरुणांना लागू. हे ठराव तीन महिन्यांसाठी करा, त्यानंतर पुन्हा बसा. त्या बैठकीत तरुण संघाचे दोघे आणि वडीलधारे दोघे असावेत, आणि दोन्हीकडून एकेक बाई.

शुक्रवारची सभा कोणाच्या फ्लॅटमध्ये होत असेल तर एवढंही पाहा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. रात्रभराच्या प्रार्थनेविरुद्ध शेजाऱ्याने केलेली तक्रार पोलीस ठाण्यात छळ म्हणून मांडायला जाण्याआधी स्पीकर बंद होता का, हे आधी घरमालकाला विचारून घ्या.